बाबांच्या दाढेतला करंट

आई गेल्यावर बाबांचं जेवण हळूहळू बंद पडत गेलं. ताट वाढलं की ते मुकाट्याने येऊन बसायचे, घास तोंडात घालायचे, एकदाच चावायचे आणि डोळे गच्च मिटून तसेच थांबायचे. मग तो घास गालात सरकवायचा, वर घोटभर पाणी, आणि गिळून टाकायचा. असे चार-पाच घास झाले की ताट पुढे ढकलायचे. तिखट झालंय, फिकं झालंय, काही नाही. विचारलं तर एवढंच, की करंट लागतो.

सुरुवातीला मी ते ऐकून सोडून दिलं. त्या दिवसांत मी सगळंच ऐकून सोडून देत होते. पण बाबांचा पट्टा शेवटच्या भोकालाही सैल पडायला लागला, त्यांनी खिळा ठोकून त्याला नवं भोक पाडलं, आणि कॉलरमधून त्यांची मान शाळकरी मुलाच्या मानेएवढी दिसायला लागली, तेव्हा मी दादाला फोन केला.

दादा दुसऱ्या शहरात राहतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. धंदा बाथरूमच्या फरशांचा, पण फोनवर आला की तो डॉक्टर असतो, वकील असतो, वेळ पडली तर हवामान खातंही असतो. त्याने निदान करून टाकलं की हे डोक्यात गेलेलं आहे. बायको मागे राहिली तर तग धरते, नवरा मागे राहिला की त्याचं असंच होतं, मग तोंडात करंट काय आणि कानात आवाज काय. महिनाअखेर तो गाडी घेऊन येणार, बाबांना घेऊन जाणार, मोठ्या हॉस्पिटलात दाखवणार, आणि तरी जेवले नाहीत तर नाकातून नळी घालून जेवण देणार. तुला नोकरी आहे, तुझ्याच्याने हे निभणार नाही, असंही म्हणाला. मी बरं म्हटलं. मग वहिनीने फोन घेऊन तेच सगळं पुन्हा सांगितलं, तिलाही बरं म्हटलं.

फोन ठेवल्यावर ती नळी डोळ्यांसमोर आली. तिथे गेले तर बाबा परत यायचे नाहीत, हेही लख्ख कळलं. कळलं, एवढंच. आई गेल्यापासून मला गोष्टी कळायच्या, वाटायच्या नाहीत. लोक भेटायला यायचे, पाठीवरून हात फिरवायचे आणि रड म्हणायचे, मोकळी हो म्हणायचे, जसा काही मीच नळ घट्ट पिळून ठेवला होता. मी त्यांना चहा करून द्यायचे. एकदा शेजारीण वहिनीच्या कानाशी लागून म्हणाली की पोरगी दगडाची आहे. ते माझ्या कानावर पडलं आणि मनात आलं, म्हणते ते खरंही असेल. थंड पाण्यात बराच वेळ हात ठेवला की बोटं दिसतात पण आपली वाटत नाहीत, तशी मी अख्खी झाले होते.

माझं काम सांगायला सोपं आहे. मी एका लॅबमध्ये आहे. मिठाच्या पाण्याने भरलेल्या बीकरमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या सोडायच्या, एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत, दोघींना एकेक वायर लावायची आणि मीटरवर किती येतं ते बघायचं. खारट पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यांच्यात वीज तयार होते. ते एकमेकांना जोडले की ती वाहायला लागते आणि दोघांतला एक झिजत जातो. बोटीचा पंखा पितळेचा आणि अंग लोखंडाचं असेल, तर लोखंड किती दिवसांचा सोबती आहे ते बोट पाण्यात उतरण्याआधी कळलेलं बरं. म्हणून कारखाने आमच्याकडे जोड्या पाठवतात आणि कोणाचं कोणाशी पटणार नाही ते आम्ही सांगतो. पाणक्या म्हणतो की आपण लग्नं मोडायचं ऑफिस उघडलंय. माझं स्वतःचं लग्न मोडलेलं असल्यामुळे माझ्यासमोर तो हे जरा हळू आवाजात म्हणतो.

पाणक्या म्हणजे आमच्याकडे मिठाचं पाणी तयार करणारा गृहस्थ. माझ्यापेक्षा बराच मोठा. मोठमोठ्या पिंपांत मीठ विरघळवून ढवळत असतो म्हणून हे नाव पडलं, आणि त्याचं खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलंय.

आमच्या कामात एक नियम आहे. पट्टी पाण्यात सोडण्याआधी बारीक पॉलिश पेपरने घासून लख्ख करायची. धातू नुसता पडून राहिला, किंवा पाण्यात बुडून राहिला, तरी त्यावर एक पातळ थर येतो. तो डोळ्यांना दिसतही नाही. आम्ही म्हणतो, साय धरली. साय धरली की रीडिंग उतरत जातं, घासली की परत चढतं. आई गेल्यानंतर मी लवकरच कामावर गेले आणि पट्ट्या घासायला बसले. ते काम मला बरं पडलं, कारण त्यात काही वाटावं लागत नव्हतं.

एका सकाळी बाबा चहात साखर ढवळत होते. ढवळून झाल्यावर सवयीने चमचा तोंडात घालून चोखला आणि एकदम दचकून टाकला. चहा टेबलभर झाला. मी फडकं आणायला उठले आणि अर्ध्यातच थांबले. चमचा स्टीलचा. बाबांच्या वरच्या दाढेवर सोन्याची कॅप, ती मी लहान होते तेव्हापासूनची. मध्ये थुंकी. आणि थुंकी म्हणजे तरी काय, खारट पाणीच.

मी त्यांना खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावलं. खालच्या बाजूला, बरोबर त्या सोन्याच्या दाढेखाली, एका दाढेत चांदी भरलेली होती. अजून चमकत होती. आई गेली त्या दिवशीच भरलेली. वरची दाढ खालच्या दाढेला टेकली की सोनं आणि चांदी जोडली जात होती, म्हणजे प्रत्येक घासाला करंट. दिवसभर मी दुसरं काही करत नाही, आणि माझ्या घरातला माणूस इतके दिवस करंट करंट म्हणत होता तर मला हे सुचलं नाही.

बाबांच्या डोक्यात काही झालेलं नाही हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. मी टेबल पुसलं, डबा भरला आणि कामाला गेले.

साहेबांकडे मी एक मीटर घरी न्यायची परवानगी मागितली. कशाला म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की घरी एक नमुना आहे. पाणक्या पिंपामागून म्हणाला, नमुना तर प्रत्येकाच्या घरी असतो, त्याला मीटर कशाला. साहेब हसले आणि हो म्हणाले. मी पण हसले असावे, कारण पाणक्या खूश दिसला.

दुसऱ्या दिवशी उजेड चांगला असताना मी बाबांना खुर्चीत बसवलं. दोन बारीक तारा, एक सोन्याला टेकवायची आणि एक चांदीला. ते तोंड उघडून छताकडे बघत बसले. मीटरवर तीनशे ऐंशी आलं, मिलिव्होल्टमध्ये. मी मीटर त्यांच्यासमोर धरलं. बाबांनी सगळी नोकरी मशीनशॉपमध्ये फिटर म्हणून काढली, आयुष्यभर कानस चालवली. आकडा दिसला की ते तो नीट बघतात. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं की हा जास्त म्हणायचा की कमी. मी म्हटलं, भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलच्या पावपट. पण सेल कोणी दिवसातून तीन वेळा चावून खात नाही.

मी दादाला फोन करून सांगितलं की बाबांच्या तोंडात खरंच वीज आहे, मी मोजली. तो म्हणाला की आता तूही का. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कोणाला. मी त्याला शांतपणे सगळं समजावलं. तो म्हणाला, असं असेल तर सोपं आहे, ती चांदी काढून टाका आणि पांढरं सिमेंट भरा, हल्ली सगळे तेच भरतात. महिनाअखेरपर्यंत जेवायला लागले तर ठीक, नाहीतर ठरलंय तसं. यात चुकीचं काहीच नव्हतं, हेच मला खटकलं.

बाबांना विचारलं तर ते नको म्हणाले. का नको? नको म्हणजे नको. दुखेल म्हणून का? नाही. दातांचे डॉक्टर आवडले नाहीत का? चांगला माणूस आहे. मग? ते उठून गॅलरीत गेले आणि कठड्याचा एक सैल स्क्रू नखाने फिरवत बसले. ताकास तूर लागू दिली नाही.

मग मी दुसरा मार्ग काढला. मी त्यांना सांगितलं की नाही तर नाही, हे आपोआपही थांबेल. चांदी नवी आहे आणि चावताना सोन्यावर घासली जातेय, म्हणून एवढा करंट येतोय. थोडे दिवस जाऊ देत, तिच्यावर साय धरेल, रीडिंग उतरत जाईल आणि एक दिवस लागायचं बंद होईल. तोपर्यंत लाकडी चमचा वापरायचा, मऊ खायचं, दुसऱ्या बाजूने चावायचं. आणि मग, काहीतरी बोलायचं म्हणून, मी पुढे हेही म्हटलं की फक्त आमच्यासारखं कोणी पॉलिश पेपर घेऊन घासायला बसू नये, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. बाबांनी विचारलं की तुम्ही कितवा नंबर वापरता. मी म्हटलं बाराशे. ते म्हणाले, जरा जाडाच झाला. धातूचा विषय निघाला की ते असं काही विचारतातच, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी रीडिंग घ्यायचे. बाबा आधीच खिडकीशी खुर्ची ओढून बसलेले असायचे. तेवढाच वेळ आम्ही दोघं एकमेकांच्या जवळ असायचो. त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास यायचा, वरचा ओठ मी अंगठ्याने उचलून धरायचे. पहिले काही दिवस आकडा उतरत गेला. साडेतीनशे झाला, तीनशेच्या खाली आला, अडीचशेला टेकला. बाबा उकडलेला बटाटा कुस्करून खायला लागले. एकदा अख्खं केळं खाल्लं. मी दादाला तसं कळवलं, तो म्हणाला बघ, मी म्हटलंच होतं.

आणि मग आकडा चढला. एका सकाळी तीनशे चाळीस, दुसऱ्या सकाळी तीनशे सत्तर. बाबांचं जेवण पुन्हा तीन-चार घासांवर आलं. मी मीटरची बॅटरी बदलली. तारांची टोकं साफ केली. ते मिठाच्या पाण्याने गुळण्या करतात का विचारलं, नाही म्हणाले. औषधाच्या गोळ्या तपासल्या, टूथपेस्ट बदलली. पण जे होतंय ते उलटंच होतंय हे मला दिसत होतं. धातूची साय आपणहून जात नाही. इतक्या वर्षांत माझ्या एकाही बीकरमध्ये असं झालेलं नाही.

शेवटी मीटर पुन्हा लॅबमध्ये नेलं आणि ज्या जोडीचं रीडिंग आम्हाला तोंडपाठ आहे तिला लावून बघितलं. बरोबर तेच आलं. पाणक्या शेजारी उभा राहून बघत होता. मी त्याला घरचे आकडे सांगितले, खाली कसे गेले आणि वर कसे आले. तो म्हणाला, मीटर खरं बोलतंय, तुझा नमुना कोणीतरी घासतंय. एवढं बोलून तो पिंप ढवळायला गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते माझं झालं होतं. पट्टी हातात धरून मी तिथेच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठल्याचा आवाज आल्यावर मी थोडा वेळ जाऊ दिला आणि अनवाणीच बाहेर आले. ते बेसिनच्या आरशासमोर उभे होते. उजवं पहिलं बोट तोंडात, गाल बाहेर ताणलेला, कोपर वर. बोटाला पॉलिश पेपरची चिंचोळी पट्टी गुंडाळलेली. फिटरचा हात तो, लहान लहान, सारख्या फेऱ्यांमध्ये चालला होता. बेसिनमध्ये राखाडी थुंकी पडली होती. त्यांनी मला आरशात पाहिलं. लगेच बोट काढलं नाही. हातातली फेरी पुरी केली, चूळ भरली, पट्टीची व्यवस्थित घडी घातली आणि खिशात टाकली.

"दोन हजार नंबर आहे," ते म्हणाले. "हार्डवेअरवाल्याकडून आणला. ओरखडा पडत नाही."

मी चहा टाकला. ते टेबलाशी येऊन बसले. मला राग यायला हवा होता. दादाच्या जागी मी असते तर आरडाओरडा केला असता, आणि तो आरडाओरडा मला मनातल्या मनात शब्दन् शब्द पाठ होता, पण तोंडून काढण्याइतकी धग आत नव्हती. मी कप पुढे ठेवला, लाकडी चमचा ठेवला आणि विचारलं की का.

त्यांनी बराच वेळ चहा ढवळला.

"ती गेली तेव्हा मी त्या खुर्चीत तोंड वासून पडलो होतो," बाबा म्हणाले. "तिनेच पाठवलं मला. तुमचं कण्हणं ऐकून माझे कान किटले, म्हणाली, जा आणि दाखवून या एकदाचं. परत आलो तर दारात माणसं. सुई दिलेली होती ना, अर्धं तोंड बधिर. जीभ म्हणजे लाकूड. मी तिला अगं म्हणून हाक मारली, ती पण धड निघाली नाही. नुसती लाळ गळली. कोणीतरी माझं तोंड पुसलं."

दाढ त्या दिवशी भरली एवढंच मला माहीत होतं, बाकीचं नाही. मी तेव्हा लॅबमध्ये होते. शेजारणीचा फोन आला की आई ओट्याजवळ पडली आहे, आणि मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते आणि कोणाशी बोलत नव्हते. सगळ्यांना वाटलं धक्का बसलाय. तोंड बधिर असेल हे कोणाच्या मनातही आलं नाही.

"सुई संध्याकाळी उतरली," ते म्हणाले. "तोंडातली उतरली. बाकीचा मी तसाच आहे. आता हे एवढं एकच काय ते लागतं. चावलं की कळतं, झालं ते खरं झालं. तू म्हणालीस साय धरेल, मग लागायचं बंद होईल. मला ते बंद व्हायला नको होतं."

डॉक्टर, नळी, दादा, सगळं त्यांना ठाऊक होतं. उपाशी राहिलं तर माणूस मरतो हेही ठाऊक असणार. शर्टातून त्यांच्या खांद्याची हाडं वर आली होती आणि ते मात्र चोरी पकडलेल्या पोरासारखे कपाकडे बघत होते. मग माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"बाबा, मी आईसाठी रडले नाही," मी म्हटलं. "अजून नाही. तुम्ही असेच राहिलात तर तुम्हीही जाल. तुम्ही गेलात आणि मला त्याचंही काही वाटलं नाही, तर मी काय करू? दुसरं काही माझ्या डोक्यात येत नाही. एवढंच येतं."

आई गेल्यानंतर बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मीही इतके दिवस रोज त्यांच्या तोंडात बघत होते, चेहऱ्याकडे नाही. आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून चहा पीत होतो आणि चहा निवत होता.

"त्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलो की मागे कोणाला तरी काहीतरी होईल असं वाटतं," ते म्हणाले. "तू आत येशील?"

"येईन."

"बाहेर बाकावर नाही बसायचं. आत."

"आतच उभी राहीन."

"आणि सुई नको म्हणावं."

दातांच्या डॉक्टरांनी सुई नको म्हटल्यावर भुवया उंचावल्या. चांगला माणूस होता, बाबा म्हणाले ते खरंच. जुनं भरलेलं उकरताना झणझणेल, त्यांनी बजावलं, नंतर माझ्यावर ओरडायचं नाही. बाबा म्हणाले की चालेल. माणसं बाहेर बसतात अशी पद्धत आहे, असं मला सांगायचा एक प्रयत्न मदतनीस बाईने केला, पण बाबांनी माझं मनगट पकडलं होतं आणि ते सोडवायचं कसं हे तिला कळेना. मी खुर्चीच्या डाव्या बाजूला भिंतीला चिकटून उभी राहिले. वर दिवा पेटला. लाळ ओढणारी नळी त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात अडकवली. बाबा छताकडे बघत नव्हते, मान जेवढी वळेल तेवढी वळवून माझ्याकडे बघत होते आणि डॉक्टर सारखे त्यांचं डोकं सरळ करत होते.

चांदी राखाडी कणांनी बाहेर येत राहिली. मशीन आत गेलं की बाबांची बोटं माझ्या मनगटात रुतायची, बाहेर आलं की सैल व्हायची. नंतर तिथे निळे वळ उठले. मी त्या कणांकडे बघत होते. लॅबमध्ये जोडी मोडायची तर आपण नुसती वायर काढतो, असा एक विचार मनात आला आणि गेला. मग डॉक्टरांनी खड्डा कोरडा केला, पांढरं काहीतरी भरलं, त्यावर निळा उजेड धरला आणि नळी काढली.

चावून बघा म्हणाले. बाबांनी चावलं. पुन्हा चावा, या बाजूने, आता घट्ट. त्यांनी घट्ट चावलं. मग डॉक्टरांनी न सांगताच आणखी दोन-तीनदा चावलं, हळू, वर-खाली, काहीतरी हरवलेलं शोधल्यासारखं.

"काही लागतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "काहीच लागत नाही."

आणि ते रडायला लागले. आधी नुसता चेहरा वेडावाकडा झाला, मग आवाज आला. मोठा, ओबडधोबड, त्या एवढ्याशा खोलीत मावणार नाही असा. बाहेरच्या बाकावरचं बोलणं थांबलं. डॉक्टर घाबरले, मी आधीच सांगत होतो म्हणाले, सुई भरायला वळले. मी डॉक्टरांना म्हटलं की बाबांना दुखत नाहीये, राहू द्या. मदतनीस बाईने कापूस आणला आणि कुठे लावायचा ते न कळून हातातच धरून उभी राहिली. बाबा खुर्चीत आडवे पडून रडत होते, गळ्यात बांधलेला कागदाचा रुमाल भिजून फाटला. दिवा अजून त्यांच्या तोंडावरच होता, तो मी हाताने बाजूला केला.

मला रडू आलं नाही. तिथे रडायला हवं होतं हे मला कळत होतं. मनगट त्यांच्या हातात राहू दिलं.

बाहेर पडलो तेव्हा ऊन होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे लगेच कडक होतं, लगेच खाल्लं तरी चालेल. कोपऱ्यावर फळांची गाडी होती. बाबा तिथे थांबले आणि भूक लागली म्हणाले. असं त्यांनी किती दिवसांत म्हटलं नव्हतं. मी दोन केळी घेतली. त्यांनी एक सोललं आणि फुटपाथवर उभ्या उभ्या खायला सुरुवात केली. रडणं अजून पुरतं थांबलेलं नव्हतं. मध्येच हुंदका यायचा, घास अडायचा, ते थांबायचे, गिळायचे आणि पुन्हा चावायचे, दोन्ही बाजूंनी. नाक वाहत होतं, ते बाहीला पुसत होते. येणारे-जाणारे त्यांच्याकडे बघून माझ्याकडे बघायचे, मुलीने बापाला काय केलं म्हणून. बाबांना कसलीच शुद्ध नव्हती. एक संपल्यावर त्यांनी माझ्या हातातलं दुसरंही घेतलं, मला विचारलंसुद्धा नाही.

मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला त्यांचा हेवा वाटला. असा वाटला, की छातीत दुखलं. आई गेल्यापासून मला काही वाटलं, ते हे पहिलं.